एएएसवर (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे द्रावणातला धातू मोजणारं मशीन) आलेल्या रीडिंगवरून माती आणि पाण्यातलं धातूचं प्रमाण कसं काढायचं?

मशीन जो आकडा दाखवतं तो तुम्ही आत सोडलेल्या द्रावणाचा असतो, मातीचा नव्हे. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

मातीसाठी: (रीडिंग − ब्लँक) × अंतिम आकारमान (मिली) ÷ मातीचं वजन (ग्रॅम). ब्लँक म्हणजे नमुना न घालता तीच सगळी प्रक्रिया केलेल्या द्रावणाचं रीडिंग. रीडिंग मिग्रॅ/लिटरमध्ये असेल तर उत्तर थेट मिग्रॅ/किलोत येतं.

समजा ०.५ ग्रॅम माती आम्लात पचवून (म्हणजे तिच्यातला धातू द्रावणात आणून) द्रावण ५० मिली केलं. शिशाचं रीडिंग ०.८४, ब्लँक ०.०४. म्हणजे ०.८० × ५० ÷ ०.५ = ८० मिग्रॅ/किलो. मोजण्याआधी द्रावण १० पट विरल केलं असेल, तर आधी रीडिंगला १० ने गुणा आणि मगच ब्लँक वजा करा (ब्लँक विरल न करता मोजला असेल तर).

माती वाळवून वजन केली होती ना? हे नक्की बघा. वजन केलेल्या त्याच मातीत १० टक्के वजन ओलाव्याचं असेल, तर कोरड्या वजनावर उत्तर ८० ÷ ०.९० = ८८.९ होतं.

पाण्याचं सोपं आहे: ब्लँक वजा केलेलं रीडिंग म्हणजेच मिग्रॅ/लिटर. १०० मिली आटवून २५ मिली केलं असेल तर ४ ने भागा.

आणि रीडिंग सर्वांत तीव्र स्टँडर्डच्या (धातूचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाच्या) वर गेलं, तर तो आकडा वापरू नका. विरल करून पुन्हा मोजा.