संगणक-शंका : चालू सेल नजरेतून निसटतो

प्रश्न : निपाणीजवळच्या एका दूध संस्थेत मी हिशेबाचे काम करते. एक्सेलमध्ये सुमारे 350 उत्पादक सभासदांच्या नोंदी असून दोन्ही वेळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ) आणि दर यांमुळे तक्ता फार रुंद झाला आहे. शीर्षके कन्नडमध्ये, नावे मराठीत. रजिस्टर पाहून पुन्हा पडद्याकडे वळले, की चालू सेल सापडत नाही. मागच्या दहा दिवसांच्या बिलात एका सभासदाचे फॅट खालच्या नावावर पडले. त्या सेलची हिरवी चौकट जाड करता येईल काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : चौकटीची जाडी बदलण्याची सोय एक्सेलमध्ये नाही, परंतु आपली खरी अडचण चौकटीची नसून ओळीची आहे. कागदी खतावणीत ओळ चुकू नये म्हणून नोंदीखाली फूटपट्टी धरतात, तसेच काहीसे पडद्यावर हवे. मायक्रोसॉफ्ट 365 च्या अद्ययावत एक्सेलमध्ये ते आहे. ‘व्ह्यू’ टॅबमधील ‘फोकस सेल’ चालू केले, की चालू सेलची संपूर्ण ओळ आणि संपूर्ण रकाना रंगीत दिसतात, आणि शेजारच्या बाणावरून रंगही निवडता येतो. हा रंग केवळ पाहण्यापुरता असल्याने आपण आधी भरलेले रंग बिघडत नाहीत आणि बिलाच्या छपाईतही तो उतरत नाही. लिब्रे ऑफिस वापरत असाल, तर 2024 मधील 24.2 या आवृत्तीपासून त्यातील कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रामच्याही ‘व्ह्यू’ मेनूत अशीच सोय मिळते.

संस्थेतील एक्सेल जुने असल्यास शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबावेत. संपूर्ण ओळ निवडली जाऊन करड्या छटेत दिसते, आणि त्यानंतर टॅब दाबत गेल्यास आकडे भरत भरत त्याच ओळीत उजवीकडे सरकता येते. बाणाच्या कळीने मात्र निवड सुटते. या स्थितीत डिलीट कधीही दाबू नये, कारण एका सेलऐवजी त्या सभासदाची सगळी ओळ पुसली जाईल; चुकून दाबलेच, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. तक्ता बाजूला सरकून चालू सेल पडद्याबाहेर गेला असेल, तर कंट्रोल आणि बॅकस्पेसने तो पुन्हा समोर येतो.

कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे अटीनुसार सेलला रंग देण्याच्या सोयीत, सूत्र लिहूनही ओळ रंगवता येते, पण नव्या ओळीवर गेल्यानंतर रंग तेथे आणण्यासाठी एफ 9 दाबावे लागते आणि तो रंग छापलाही जातो. रोजच्या भरणीसाठी मला ही पद्धत सोयीची वाटत नाही. सेल बदलताच रंग भरणारे तयार मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) तर आपण घेऊच नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांतील बरेचसे आधी साऱ्या पानाचे रंग पुसतात, आणि मॅक्रोने रंग बदलला की आधीची चूक अनडू करून मागे घेता येत नाही. फॅटच्या आकड्यावर सभासदाचे पैसे ठरतात. तेथे मागे फिरण्याची वाट बंद करणे योग्य नव्हे.

फॅट भरताना रजिस्टरमधील सभासद क्रमांक आणि रंगीत ओळीच्या डाव्या टोकाच्या रकान्यातील सभासद क्रमांक एकदा जुळवून पाहावा. तो रकाना ‘फ्रीझ पेन्स’ने स्थिर केला, तर कितीही उजवीकडे गेलात तरी तो दिसत राहील.