पतसंस्थेच्या छतावर सोलर आहे, तरी जनरेटर लागेल का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात तुमच्या पतसंस्थेची शाखा आहे, आठ कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर आहे, छतावर सोलर बसवलंय, आणि संचालक म्हणतात आता जनरेटरचा खर्च कशाला.

आधी सोलरचं सांगतो. नेट मीटरवरचं, म्हणजे जास्तीची वीज लाईनला परत देणारं, साधं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, मग बाहेर ऊन कितीही असो. ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून आलेल्या करंटचा शॉक बसू नये म्हणून. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या असतील तरच ते बॅकअपच्या कामाचं. सर्व्हर नीट बंद करून संचालकांसमोर भर दुपारी मेन स्विच पाडा, पुढची चर्चाच होणार नाही.

मी उद्यमनगरात जनरेटर दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडं फाउंड्रीवाले येतात. भट्टीत धातूचा रस तयार असताना लाईट गेली तर त्यांना आधी कॉइल थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालू लागतो. बाकी कारखाना अंधारात राहिला तरी चालतो. तुमच्याकडं तो ‘पंप’ कुठला, ते आधी ठरवा. माझ्या मते सर्व्हर, राउटर, दोन काउंटर, कॅमेरे आणि तिजोरीचा अलार्म. एसी त्यात धरू नका, चेअरमनसाहेबांच्या केबिनमधला तर अजिबात नको.

एवढ्याला सात-आठशे वॅट लागतील. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या कागदावर ७२०० वॅट-अवर देतात, हातात साधारण ५००० धरा. म्हणजे सहा तास निघाले. सर्व्हरला मात्र ऑनलाईन यूपीएसच द्या. साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो, आणि नेमक्या त्या क्षणी कुणाची तरी एन्ट्री चालू असते.

रोजच्या लाईट जाण्याला हे भरपूर झालं. जनरेटर लागतो तो दिवसभर, दोन दिवस लाईट नसेल तेव्हा. आणि आपल्या गावात तसे दिवस कधी येतात ते तुम्हाला माहीत आहे. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरीतल्या एका संस्थेचा जनरेटर सेट मी स्वतः तळघरात बसवला होता. जागा मोकळी होती, आवाज वर येत नव्हता, सगळे खूश होते. तो अख्खा पाण्यात गेला. चूक माझी होती. नवा सेट पहिल्या मजल्याच्या उंचीवर लोखंडी प्लॅटफॉर्म करून चढवला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, सेट कोरडा राहिला, पण चेंजओव्हरचं पॅनेल, म्हणजे लाईनवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचची पेटी, जिन्याखाली तसंच राहिलं होतं. सेट फर्स्ट क्लास चालू आणि लाईट शून्य! त्यामुळं सेट, पॅनेल, बॅटऱ्या, डिझेल, सगळं वर घ्या. तुमची शाखा पाण्याच्या पट्ट्यात येते का हे शेजारच्या भिंतींवरच्या खुणाच सांगतील.

पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होतो आणि गावात डिझेल मिळेनासं होतं, हेही धरून चाला. २५ केव्हीएचा सेट पाऊण लोडवर तासाला चार-पाच लिटर पितो. तुम्हाला एवढा मोठा लागणारच नाही. उगाच मोठा घेऊन रिकामा पळवलात तर धूर आणि कार्बन धरतो, मग माझ्याकडं येता. पाच केव्हीएच्या आसपास बघा.

विकत घेतल्यावर आणखी एक. महिन्यातून एकदा सेट अर्धा तास लोडवर चालवा, नुसता सुरू करून बंद करू नका. ऐनवेळी सेट सुरू होत नाही म्हणून मला फोन येतात, त्यातल्या बहुतेक वेळी इंजिन ठणठणीत असतं आणि स्टार्टिंगची बॅटरी मेलेली असते. आणि चेंजओव्हर स्विचशिवाय कुणी थेट बोर्डात वायर जोडून देतो म्हणाला, स्वस्तात होतं म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तुमच्या सेटचा करंट उलटा लाईनवर गेला तर खांबावरचा वायरमन जीवानिशी जाईल.