शैक्षणिक कर्जाच्या अटी बदलल्यात? मग शाखेत ‘विनंती अर्ज’ देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, आमच्याच घरातलं कोणीतरी लिहितंय. तुम्ही लिहिलंय की दोन फायनान्स कंपन्यांची शैक्षणिक कर्जं तिसरीकडे एकत्र केली, तेव्हा स्थिर व्याजदर सांगितला आणि आता दर ‘बदलता’ म्हणजे वेळोवेळी वरखाली होणारा झालाय, शिवाय मुदतही वाढलेली. माझ्या मुलीच्या एमएसच्या कर्जाचं हेच झालं. मी सहकर्जदार, त्यामुळे वसुलीचे फोन मलाच.

भांडण चालू असताना हप्ता थांबवू नका, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचे पतगुण) कर्जदार-सहकर्जदार दोघांचंही बिघडतं, वगैरे तुम्हाला माहीत असेलच. ते सोडतो.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते शाखेतल्या एका गोड बोलणाऱ्या गृहस्थांनी. तक्रार द्यायला गेलो तर म्हणाले, “काका, तक्रार कशाला? विनंती अर्ज द्या, मी वर पाठवतो.” विषयही त्यांनीच सांगितला: ‘व्याजदर कमी करून मिळणेबाबत’. पुढे कित्येक महिने ‘प्रोसेसमध्ये आहे’. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं की व्याजदर ठरवणं हा संस्थेचा व्यावसायिक निर्णय आहे, सबब विनंती अमान्य. त्यातली मेख नंतर कळली. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँका-फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाण्याआधी संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि संस्थेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार लोकपाल घेतच नाहीत. म्हणजे आमची तक्रार दप्तरी नव्हतीच, वर ‘हा दराचा प्रश्न आहे’ हेही आमच्याच सहीने लिहून घेतलेलं! त्या गृहस्थांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, होतं.

म्हणून ‘व्याज फार लावलं’ हा शब्दही काढू नका. विषय ‘तक्रार’. मजकूर एवढाच: मंजुरीपत्रात ही अट होती, आज खात्याच्या उताऱ्यावर ही दिसते, मधला बदल कोणत्या पत्राने आणि कधी कळवला ते दाखवा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे बदलत्या दराच्या कर्जात हप्ता किंवा मुदत वाढली तर कर्जदाराला लगेच कळवावं लागतं, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा पर्यायही द्यावा लागतो. शैक्षणिक कर्ज त्यात येतं. ईमेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा. फोनवर केलेली तक्रारही तिचा पुरावा दाखवता आला तर धरतात, पण नुसत्या तिकीट नंबरवर विसंबू नका, ईमेल पक्का. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर लोकपालाच्या पोर्टलवर जा. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ‘मी करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

मी वकील नाही, तुमचा करार पाहिलेला नाही. करारात बारीक अक्षरात ‘ठरावीक काळानंतर बदलता दर’ असं असेल आणि त्याखाली तुमची सही असेल, तर दराचा मुद्दा लंगडा पडतो. न कळवता वाढवलेल्या मुदतीचा मात्र पडत नाही. आमची मुदत पूर्ववत झाली, दर तोच राहिला.

पण दर बदलता झाला की एक गोष्ट आपल्या बाजूची होते. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, फायनान्स कंपनीलासुद्धा. आम्ही त्याच जोरावर कर्ज सरकारी बँकेत नेलं. फायनान्स कंपनीचा बदलता दर सहसा तिने स्वतःच ठरवलेल्या संदर्भदराला बांधलेला असतो, त्यामुळे रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) उतरला म्हणून आपला हप्ता उतरेल या आशेवर तिथे बसू नका.

एकत्रीकरणाच्या दिवशीची मुद्दलही तपासा. जुन्या कर्जांचं साचलेलं व्याज नव्या मुद्दलात जातं आणि त्यावर पुन्हा व्याज. आमच्या मुद्दलात विम्याचा हप्ताही गुपचूप मिसळला होता! जुन्या दोन्ही कंपन्यांकडून व्याजाचे दाखले घेतले नसतील तर आत्ताच मागा. आयकराच्या जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (पूर्वीचं कलम ८०ई) घेत असाल तर लागतील.

मंजुरीपत्राची तारीख मात्र इथे लिहा. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर मंजूर झालेलं कर्ज असेल तर ‘मुख्य तथ्य विवरण’ (कर्जाच्या मुख्य अटी आणि शुल्कं सोप्या भाषेत सांगणारा कागद) द्यायलाच हवं होतं, आणि त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. त्याआधीचं असेल तर मजकूर थोडा वेगळा करावा लागेल, तो मी सुचवतो.