शाळेकडे काय मागायचं, कसं मागायचं
विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या साडेसहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. खासगी इंग्रजी शाळेत पहिलीत शिकतो. वर्गात गोंगाट वाढला की कान झाकून बाकाखाली बसतो. शाळा म्हणते, त्याला अकरापर्यंतच पाठवा, नाहीतर स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी मदतनीस) आणा. शिवाय ‘काही झालं तर शाळा जबाबदार नाही’ असं हमीपत्र मागितलंय. सही करू का? – एक आई, नाशिक

उत्तर : सही करू नका. ‘वाचून लेखी कळवते’ एवढंच म्हणून तो कागद घरी आणा आणि त्याची प्रत जपून ठेवा. शाळेने काय अट घातली, याचा तुमच्याकडचा पहिला पुरावा तोच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १६ फक्त सरकारी शाळांपुरतं नाही. मान्यताप्राप्त खासगी शाळाही त्यात येतात. भेदभाव न करता प्रवेश, इतर मुलांबरोबर शिक्षण, गरजेप्रमाणे सोयी आणि त्या त्या मुलाला लागणारा वैयक्तिक आधार, हे सगळं त्यात आहे. रोज लवकर घरी पाठवणं म्हणजे त्याचं शिक्षण कापणं. शॅडो टीचर हा शब्द कायद्यात कुठेच नाही. मात्र सोय ‘वाजवी’ असावी लागते. शाळेवर अवाजवी भार टाकणारी मागणी टिकत नाही. म्हणून सुरुवात बिनखर्चाच्या सोयींपासून करा. ऑटिझम असलेल्या लहान मुलाचा निम्मा त्रास त्यातच कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

अर्ज लिहिण्याआधी वर्गशिक्षिकेला दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवायची विनंती करा. तीनच रकाने पुरतात : आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. वेळही लिहायला सांगा. बहुतेकदा त्रास दिवसभर नसतो, ठरावीक वेळी असतो : प्रार्थनेनंतर, घंटा वाजल्यावर, डब्याच्या सुट्टीतून परत येताना. ती वेळ सापडली की ‘अकराला न्या’ याऐवजी ‘डब्याच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं शांत जागा द्या’ असं नेमकं मागता येतं.

मुख्याध्यापकांच्या नावाने एक पानी अर्ज करा. ‘मुलाकडे लक्ष द्यावे’ या वाक्याचा उपयोग नाही, कारण लक्ष दिलं की नाही हे मोजता येत नाही. त्याऐवजी लिहा : बाक दार आणि पंख्यापासून लांब, पुढच्या रांगेत, दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक बाकावर, एका वेळी एकच सूचना, दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं उठायची मुभा, घंटेच्या आधी इशारा. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कोण, कोणत्या तारखेपासून, हे प्रत्येक ओळीत यायला हवं. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, मूल्यांकनाचा अहवाल आणि थेरपिस्टचं एक पान जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कार्यालय पोच देत नसेल तर ईमेल करा किंवा स्पीड पोस्टने पाठवा.

बैठकीला एकट्या जाऊ नका. सोबतच्या माणसाने बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. त्याच संध्याकाळी शाळेला ईमेल पाठवा : ‘आज पुढील गोष्टी ठरल्या, काही राहिलं असल्यास कळवावे.’ बहुतेक प्रकरणं इथेच घसरतात. बैठक गोड होते, सगळे माना डोलावतात, आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं, म्हणजे फक्त त्याच्यासाठी शाळेने लिहिलेल्या योजनेतलं, उद्दिष्टही मोजता येईल असंच लिहून घ्या. ‘एकाग्रता वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘चित्र दाखवून एकदा सांगितल्यावर पाचपैकी चार वेळा पुढच्या कामाकडे वळतो, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत’ हे उद्दिष्ट.

शॅडो टीचरची खरोखर गरज असेल तर तिचं काम काय आणि ती मागे कधी सरकणार, हे आधीच ठरवा. ती मुलाला चिकटून बसली की दोन गोष्टी होतात : वर्गशिक्षिका त्याच्याशी बोलणं सोडते आणि मूल तिच्याकडे पाहिल्याशिवाय वहीही उघडत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) अर्ज करा. पालिका हद्दीत पालिकेच्या शिक्षण विभागाकडे. त्यानेही हललं नाही, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर तारीखवार घटना लिहा आणि प्रती जोडा. चौकशीसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, शाळेकडून ते कागदपत्रंही मागवू शकतात. तुमचा आजचा कागद तेव्हा कामी येतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. जोडाक्षरं वाचता येत नाहीत, ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळ होतो. गुरुजी म्हणतात, आधी दाखला आणा, मग पाहू. – एक वडील, बीड जिल्हा

उत्तर : मदतीसाठी दाखला ही अट नाही. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) लवकरात लवकर ओळखणं हे कलम १६ प्रमाणे शाळेचंच काम आहे, आणि ते शाळेने दाखल्याच्या आधी करायचं असतं. तिची दृष्टी आणि श्रवण मात्र आधी तपासून घ्या. ते राहिलं तर पुढचं सगळं मूल्यांकन फुकट जातं.

मग मुख्याध्यापकांना दोन गोष्टी लेखी मागा. एक, एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या पडताळणी सूचीवर तिची प्राथमिक तपासणी. दोन, गट साधन केंद्राच्या (शाळांना मदत करणारं तालुका पातळीवरचं केंद्र) विशेष शिक्षकांची भेट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकसाठी दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. प्रत्यक्षात एकाच शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. म्हणून ‘शिक्षक येतील’ यावर समाधान मानू नका. कोणता वार, किती मिनिटं, आणि ते नसतील त्या दिवशी वर्गशिक्षकांनी रोज पंधरा मिनिटं काय घ्यायचं, हे वहीत लिहून घ्या. शाळेच्या यू-डायस नोंदीत (शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन माहिती) मुलगी विशेष गरजा असलेली म्हणून नोंदली आहे का, हेही विचारा. ती नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या सोयींच्या हिशेबात ती धरलीच जात नाही.

अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांपासून मिळतो, त्यामुळे अर्ज आता करता येईल. यूडीआयडीच्या पोर्टलवर अर्ज भरताना रुग्णालय निवडावं लागतं. ती मराठी माध्यमात शिकते, तेव्हा वाचन-लेखनाची चाचणी मराठीतूनच घ्या असं तिथे ठामपणे सांगा. इंग्रजीतून चाचणी घेतली तर निघालेला निकाल अध्ययन अक्षमतेचा नसून माध्यमाचा असतो.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, न्यू जर्सीत प्रीस्कूलमध्ये. आठवड्यातून एकदा तीस मिनिटं स्पीच थेरपी मिळते. वाढवून मागितली तर म्हणतात, घरी मराठी बोलणं थांबवा. – एक वडील, एडिसन

उत्तर : मराठी थांबवू नका. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. मूल्यांकन फक्त इंग्रजीतून झालं असेल तर हरकत तिथेच घ्या. अमेरिकेच्या आयडीईए कायद्याप्रमाणे (दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा), व्यवहार्य असेल तिथे, मूल्यांकन मुलाच्या भाषेत व्हायला हवं, आणि आयईपीच्या (तिथला वैयक्तिक शिक्षण आराखडा) बैठकीत गरज पडल्यास पालकांसाठी दुभाषी शाळेने आणायचा असतो. बैठकीला जाताना त्याच्या मराठी शब्दांची यादी आणि ‘पाणी दे’, ‘बाबा ये’ अशा दोन शब्दी वाक्यांचे व्हिडिओ न्या. एकूण शब्दसंग्रहात ते धरावेच लागतात. त्याची मराठी वयाप्रमाणे असेल तर त्याला थेरपी नव्हे, इंग्रजीचा सराव हवाय, हेही मोकळेपणाने मान्य करा. दोन्ही भाषा मागे असतील तर मात्र वाढीव मिनिटांची मागणी लेखी करा.

ती नाकारली, तर नकार कारणांसह लेखी देणं शाळेवर बंधनकारक आहे, तो मागून घ्या. मूल्यांकनच पटत नसेल तर सरकारी खर्चाने स्वतंत्र मूल्यांकन मागता येतं. मग शाळेने एकतर पैसे द्यायचे, नाहीतर आपलं मूल्यांकन योग्य होतं हे सुनावणीत सिद्ध करायचं. पुढच्या वार्षिक बैठकीची वाट पाहू नका. आयईपीची बैठक पालक वर्षात कधीही मागू शकतात.