पुनरागमनात सतत हरणाऱ्या खेळाडूच्या मागे किती दिवस राहावं?

प्रश्न वाचून हसू आलं, पण ते तुम्हाला नव्हे, स्वतःलाच. तुमची आवडती टेनिसपटू शाळकरी वयात गाजली, मग कुठेतरी हरवली, आता परत आली आहे आणि पहिल्याच फेरीत हरते आहे. मित्र विचारतात, "अजून तिचंच काय धरून बसलास?" हे वाक्य मी दहा वर्षं तरी ऐकलंय. माझ्या बाबतीत 'ती' म्हणजे येलेना डोकिच.

गंमत अशी की मी मुळात तिचा चाहता नव्हतोच. 1999 च्या विम्बल्डनला मी मार्टिना हिंगिसला बघायला बसलो होतो. हिंगिस तेव्हा जगात पहिली. समोर ऑस्ट्रेलियाची सोळा वर्षांची कुणी पोरगी, क्रमवारीत 129 वी, पात्रता फेरीतून आलेली. पहिल्या फेरीचा सामना, म्हणजे तासाभरात उठायचं असा हिशोब होता. उठलो तासाभरातच. फक्त 6-2, 6-0 असा निकाल त्या पोरीच्या बाजूने होता. चोपन्न मिनिटं! हिंगिसच्या आईनेच काही दिवस आधी तिला सरावाला बोलावलं होतं, हे नंतर वाचलं. म्हणजे घरात बोलावून शिकवलं आणि पाहुणीने घरच उचलून नेलं.

मी चिडलो होतो, आणि चिडूनच तिचे पुढचे सामने बघायला लागलो. चेंडू वर उठत असतानाच ती तो घ्यायची. मागे सरून वाट बघणं हा प्रकार नाही. सपाट, जाळ्याला जेमतेम ओलांडणारा फटका, आणि दोन हातांचा बॅकहँड असा की समोरची खेळाडू निघायच्या आत चेंडू मागच्या पडद्याला लागलेला. चौथ्या फेरीत तिने मेरी पियर्सला हरवलं, तोवर मी पक्ष बदलला होता. पुढच्या वर्षी विम्बल्डनची उपांत्य फेरी, सिडनी ऑलिम्पिकमध्ये थोडक्यात हुकलेलं कांस्य, 2001 मध्ये रोमचं विजेतेपद, 2002 च्या ऑगस्टमध्ये जगात चौथी. वय एकोणीस. हिंगिसचं नावही मी घेईनासा झालो.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण तिच्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. तिचे वडील दामिर हे त्या काळात आम्हा टेनिसवेड्यांच्या गप्पांमधलं विनोदी पात्र होतं. 2000 च्या अमेरिकन ओपनमध्ये खेळाडूंच्या उपाहारगृहात माशाच्या किमतीवरून त्यांनी आरडाओरडा केला आणि महिला टेनिस संघटनेने त्यांना सहा महिने स्पर्धांच्या आवारात यायला बंदी घातली. आम्ही त्यावर पोट धरून हसलो. 2001 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पहिल्याच फेरीत लिंडसे डेव्हनपोर्ट समोर आली, तेव्हा ड्रॉच, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडतच, फिरवला असा आरोप वडिलांनी केला आणि मुलगी यापुढे युगोस्लाव्हियाकडून खेळेल असं जाहीर करून टाकलं. ती कोर्टवर आली तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सतरा वर्षांची मुलगी, ज्या देशात अकराव्या वर्षी निर्वासित म्हणून आली तिथलेच लोक तिला हाकलल्यासारखं ओरडत होते. मी घरी बसून म्हणालो, 'बरं झालं, हिलाही कळू दे.' हे मी म्हणालो होतो, आणि मी तिचा चाहता होतो.

मग घसरण. ती एका स्पर्धेत होत नाही, हे तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. टेनिसच्या क्रमवारीत गुण बावन्न आठवडे टिकतात आणि मग गळतात. आज हरलेल्याचा फटका आज बसत नाही. गेल्या वर्षी याच आठवड्यात जिंकलेलं जेव्हा गळून पडतं तेव्हा बसतो. त्यामुळे चौथ्या क्रमांकावरची खेळाडू आधी पंधरावी दिसते, मग पन्नासावी, मग मोठ्या स्पर्धेच्या यादीत नावच नाही. ती वडिलांपासून तुटली होती. खेळ आणि मन दोन्ही ढासळलं होतं. 2005 अखेर ती पुन्हा ऑस्ट्रेलियाची खेळाडू झाली, वाइल्ड कार्डसाठीची (म्हणजे क्रमवारी पुरेशी नसताना मिळणाऱ्या थेट प्रवेशासाठीची) निवड स्पर्धा जिंकून 2006 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला आली आणि पहिल्या फेरीत फ्रान्सच्या विर्जिनी रझानोकडून हरली. 'परत आली' अशी बातमी मी आनंदाने मित्रांना पाठवली होती. ती परत येऊन चोवीस तासांत गेली. त्यानंतरची दोन वर्षं तिचं नाव शोधून शोधूनही सापडत नसे. क्रमवारीत ती सहाशेच्याही खाली गेली होती.

इथे चाहत्याचा खरा दिनक्रम सांगतो. टीव्हीवर तिचा सामना दिसणं बंद झालेलं असतं. स्पर्धेच्या संकेतस्थळावर ड्रॉची फाईल उघडायची, पात्रता फेरीच्या पानावर खालून वर नाव शोधायचं. छोट्या स्पर्धांचा निकाल कधी दुसऱ्या दिवशी कळायचा. पुढे जिथे लाइव्ह स्कोअर असायचा तिथे नुसते आकडे: 15-30, 30-30, 30-40. या आकड्यांवरून सामना 'बघायला' मी शिकलो. तिच्या सर्व्हिसवर एकदम 0-30 झालं की समजायचं, दुसरी सर्व्हिस जाळ्यात जातेय (तिच्या दुसऱ्या सर्व्हिसवर माझा भरवसा कधीच नव्हता, चौथ्या क्रमांकावर असतानाही). सगळ्यात वाईट म्हणजे आकडा हलायचा थांबला की. दोन मिनिटं, चार मिनिटं, सहा मिनिटं. फिजिओला बोलावलंय. पाठ की मांडी की मनगट, ते कळायला मार्ग नाही. पान ताजं करत बसायचं आणि कधीकधी थेट 'निवृत्त' असा शेरा यायचा, म्हणजे सामना अर्धवट सोडला.

आणि मग 2009 चं ऑस्ट्रेलियन ओपन. पुन्हा निवड स्पर्धा जिंकून मिळालेलं वाइल्ड कार्ड. क्रमवारी 187. मेलबर्नमधली रात्र म्हणजे आपल्याकडची भर दुपार. त्या पंधरवड्यात माझ्या कामाचे जे तीनतेरा वाजले ते वाजले. पहिल्या फेरीत तमिरा पाझेकला तीन सेटमध्ये हरवलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, चला, एक तरी जिंकली. मग सतरावी मानांकित ॲना चकवेताद्झे, तीन सेट. मग अकरावी मानांकित कॅरोलिन वोझ्नियाकी, पहिला सेट गमावून पुढचे दोन 6-1, 6-2. आठ वर्षांपूर्वी जिथे हुर्यो उडवली गेली, तेच रॉड लेव्हर अरीना आता उभं राहून ओरडत होतं.

चौथ्या फेरीत अलिसा क्लेबानोवा होती. 7-5, 5-7 आणि तिसरा सेट संपायचं नाव घेईना. ऑस्ट्रेलियन ओपनच्या निर्णायक सेटमध्ये तेव्हा टायब्रेक नसायचा, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. त्यातच तिचा घोटा मुरगळला. मी खुर्चीवर बसू शकलो नाही, टीव्हीसमोर उभाच होतो. दर गुणानंतर ती पाठ फिरवून रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायची, त्या सरळच होत्या. सर्व्हिस घेताना तोंडावर काही भाव नाही. सोळाव्या वर्षीही नसायचा, तेव्हा आम्ही त्याला 'थंड डोक्याची' म्हणायचो. 8-6. ती कोर्टवरच कोसळल्यासारखी वाकली आणि मग जे काही तिच्या चेहऱ्यावर आलं ते मी तोवरच्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. आनंदच होता असं नाही म्हणणार. एखाद्याला बराच वेळ पाण्याखाली धरलं आणि अचानक सोडलं तर तो जसा दिसेल, तशी ती दिसली.

उपांत्यपूर्व फेरीत दिनारा साफिनाने तिला 6-4, 4-6, 6-4 असं हरवलं. मला ते हरणं टोचलंच नाही. मला वाटलं, आता सुरुवात झाली.

नव्हती झाली. तुमचा प्रश्न खरं तर याच्या पुढच्या भागाबद्दल आहे, कारण एका चमत्कारानंतर चाहता जास्त मूर्ख होतो. चारच महिन्यांनी फ्रेंच ओपनमध्ये चौथ्या मानांकित डेमेंटिएवाविरुद्ध तिने पहिला सेट 6-2 घेतला, दुसऱ्यात पाठ धरली आणि रडत रडत कोर्ट सोडावं लागलं. मग आजारपणात उरलेलं वर्ष गेलं. 2010 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पहिल्याच फेरीत समोर कोण यावी, तर क्लेबानोवा. यावेळी क्लेबानोवा जिंकली. आदल्या वर्षीचे उपांत्यपूर्व फेरीचे 500 गुण त्याच आठवड्यात गळाले आणि क्रमवारीचा पत्त्यांचा बंगला पुन्हा खाली.

तेव्हा मात्र मी तिच्यावर रागावलो. 'हिला पेलतच नाही' वगैरे. मित्रांना जे बोलू देत नव्हतो ते स्वतःच बोलायला लागलो. सहा महिने निकाल पाहिले नाहीत. पाहायला हवे होते, कारण त्याच उन्हाळ्यात ती छोट्या छोट्या स्पर्धा जिंकत होती. फ्रान्समधलं काँत्रेक्सेव्हिल, मग व्हँकुव्हर. व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात समोर रझानो होती, 2006 वाली. चार वर्षांचा हिशोब चुकता झाला आणि तो पाहायला मी हजर नव्हतो. 2011 च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला तिने साफारोवाला हरवून विजेतेपद मिळवलं, जवळजवळ नऊ वर्षांनी. त्याचा व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिलाय की समालोचकाचा श्वास कुठे अडतो तेही पाठ आहे. त्यानंतर पुन्हा दुखापती, आणि हळूहळू सगळं थांबलं. निरोपाचा सामना नाही, फुलांचा गुच्छ नाही.

2017 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. वडील तिला वर्षानुवर्षं मारत होते, पट्ट्याने, लाथांनी, हे तिने त्यात लिहिलं. 2000 च्या विम्बल्डनची उपांत्य फेरी, जी मी वर मोठ्या तोऱ्यात तिच्या यशाच्या यादीत लिहिली, ती हरल्यावर वडिलांनी हॉटेलवर यायचंच नाही म्हणून सांगितलं. सतरा वर्षांची, विम्बल्डनच्या शेवटच्या चौघींतली मुलगी रात्री खेळाडूंच्या खोलीतल्या सोफ्यामागे लपून झोपायला गेली आणि साफसफाई करणाऱ्या बाईला सापडली. मी तो उतारा वाचून पुस्तक मिटलं. ते मासे, ती बंदी, तो आमचा हशा. आणि ते 'थंड डोकं'.

तेव्हा मला कळलं की मी दहा वर्षं चुकीच्या मुलीची वाट बघत होतो. मला 1999 ची परत हवी होती. ती स्वतः मात्र त्या मुलीपासून जीव घेऊन लांब पळत होती, आणि तिच्या दृष्टीने 187 व्या क्रमांकावर स्वतःच्या मर्जीने कोर्टवर उतरणं हेच कदाचित पुनरागमन होतं. मी क्रमवारीची फाईल उघडून ते मोजत होतो.

म्हणून तुमच्या खेळाडूबद्दल एकच विचारतो: ती हरते तेव्हा तुम्हाला राग येतो तो तिच्यासाठी की तुमच्या आठवणीसाठी? तिच्यासाठी असेल तर खुशाल राहा, मित्र हसू देत. दुसरं असेल तर थोडे दिवस निकाल पाहू नका, पण माझ्यासारखे सहा महिने नको, मधे व्हँकुव्हर निघून जातं.

आणि ड्रॉमधल्या बाकीच्या नावांकडेही बघा. 2009 च्या त्या पंधरवड्यातली वोझ्नियाकी पुढच्याच वर्षी जगात पहिली झाली. पण साफिना आणि चकवेताद्झे दोघींची कारकीर्द पाठीच्या दुखण्याने ऐन विशीत संपली. क्लेबानोवाला 2011 मध्ये कॅन्सर निघाला, त्यातून उठून ती पुन्हा कोर्टवर आली. मला हे सगळं फार उशिरा ठाऊक झालं, कारण माझे डोळे एकाच ओळीवर होते.

डोकिच आता टीव्हीवर समालोचन करते, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जिंकलेल्यांच्या कोर्टवरच मुलाखती घेते, त्याच रॉड लेव्हर अरीनावर. माइक पुढे करताना ती खूप हसते.

तुमच्या खेळाडूचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पुढची स्पर्धा कुठली आणि पात्रता फेरी कधी, तेवढं खाली कळवा. खालून वर नाव शोधायची सवय माझी अजून गेलेली नाही.