टेरेल डेव्हिस फक्त ७८ सामने खेळला, मग त्याला महान रनिंग बॅकमध्ये का गणतात?

तुमचा प्रश्न असा आहे: डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाच्या टेरेल डेव्हिसची एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) कारकीर्द जेमतेम सात मोसमांची, त्यातही अर्धी दुखापतीत गेलेली. एमिट स्मिथ या रनिंग बॅकच्या नावावर चेंडू घेऊन धावलेले १८,३५५ यार्ड आहेत, डेव्हिसच्या नावावर ७,६०७. मग तो हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) कसा? आणि त्याचं यश खरं तर डेन्व्हरच्या खेळण्याच्या पद्धतीचं नव्हतं का?

डेव्हिस हा माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ७,६०७ यार्डांची फोड करू. १९९५ ते १९९८ या पहिल्या चार मोसमांत १,११७, १,५३८, १,७५० आणि २,००८. एकूण ६,४१३. उरलेल्या तीन मोसमांत मिळून १,१९४. म्हणजे गुडघा जाईपर्यंतचा डेव्हिस आणि गुडघा गेल्यानंतरचा डेव्हिस अशा दोन वेगळ्या कारकिर्दी आहेत, आणि पहिलीत तो दरवर्षी आदल्या वर्षाहून वर चढत गेला. त्याचा उतार कोणी पाहिलाच नाही.

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. क्वार्टरबॅक तो फेकतो किंवा रनिंग बॅकच्या हाती देतो, आणि रनिंग बॅक सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत घुसतो. कबड्डीत चढाईला गेलेला गडी साखळी कुठे सैल आहे ते हेरतो आणि क्षणात त्या फटीतून निसटतो, तशी ती नजर लागते. फरक इतकाच की इथे प्रत्येक चढाईच्या शेवटी कोणीतरी पूर्ण वेगाने अंगावर आदळतंच.

डेव्हिस सॅन दिएगोचा. पोरवयातच वडील लुपस या आजाराने गेले. सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याला अर्धशिशीचा त्रास, आणि तोही साधा नाही, डोळ्यांपुढे अंधारी आणणारा. शाळेत त्याने पडेल ती जागा खेळून काढली. लाँग बीच स्टेट विद्यापीठात प्रवेश मिळाला तो जॉर्ज ॲलन या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, पण १९९० सरता सरता ॲलन वारले, आणि १९९१च्या मोसमानंतर विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. मग तो जॉर्जिया विद्यापीठात गेला. तिथे गॅरिसन हर्स्टसारखा तारा आधीच होता, त्यामुळे सुरुवातीला संधी बेताचीच. हर्स्ट एनएफएलमध्ये गेल्यावर वाट मोकळी झाली, पण शेवटच्या वर्षी मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. परिणाम असा की १९९५च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) डेव्हिसचं नाव पुकारलं गेलं सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर. त्या क्रमांकाच्या खेळाडूंपैकी बरेच जण संघातही टिकत नाहीत.

सराव शिबिरात तो रनिंग बॅकच्या रांगेत अगदी शेवटी होता. मोसमाआधीचा एक सामना टोकियोत होता, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सविरुद्ध. तिथे हॉटेलच्या खोलीत बसून सगळं सोडून घरी परतायचा विचार त्याच्या मनात आला होता. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. तो थांबला, आणि त्या सामन्यात किकऑफच्या (चेंडू लांब लाथाडून खेळ सुरू करण्याच्या) वेळी धावत जाऊन समोरच्या खेळाडूला त्याने अशी धडक दिली की सगळ्यांचं लक्ष गेलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धावपटू म्हणून नव्हे, तर ज्या कामाला कोणी हौसेने जात नाही त्या कामात त्याने आपली जागा मिळवली. मोसम सुरू झाला तेव्हा तो पहिल्या संघात होता.

आता पद्धतीचा मुद्दा. हा आक्षेप हवेतला नाही. माइक शॅनहन त्याच वर्षी डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक झाले होते आणि पुढच्या फळीची जबाबदारी ॲलेक्स गिब्स यांच्याकडे होती. गिब्स यांची झोन ब्लॉकिंगची शिकवण अशी: लाइनमनने (पुढच्या फळीतल्या खेळाडूने) समोरच्या एका ठरावीक माणसाला ढकलायचं नाही, सगळ्यांनी मिळून एकाच दिशेला सरकायचं आणि वाटेत जो येईल त्याला अडवायचं. त्यासाठी त्या काळाच्या मानाने हलके, चपळ लाइनमन त्यांनी जमवले. टॉम नेलन, मार्क श्लेरेथ, गॅरी झिमरमन ही त्यातली नावं. फट कुठे पडेल हे आधी ठरलेलं नसतं. रनिंग बॅकने काही पावलं बाजूला धावायचं, फट दिसली की एकदाच पाय रोवून वळायचं आणि सरळ सुटायचं. नाचत बसायचं नाही, दुसरी संधी शोधायची नाही.

डेव्हिसनंतर याच फळीमागे ओलँडिस गॅरीने १९९९ मध्ये १,१५९ यार्ड काढले, माइक अँडरसनने २००० मध्ये १,४८७, क्लिंटन पोर्टिसने २००२ मध्ये १,५०८. त्यामुळे ‘कोणालाही उभं करा, हजार यार्ड होतात’ असं बोललं जाऊ लागलं. पण हेच आकडे नीट पाहा ना. त्यातला एकही डेव्हिसच्या १,७५० च्या आसपास नाही, २,००८ तर दूरच. पद्धत हजार-पंधराशे यार्ड देत होती हे मी मान्य करतो. त्यावरचे पाचशे डेव्हिसचे होते. आणि त्याच्यानंतर त्या पद्धतीच्या जोरावर डेन्व्हर पुढची बरीच वर्षं सुपर बोलपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचलं नाही.

त्याचं मोठेपण खरं कळतं ते प्लेऑफमध्ये, जिथे हरलात की मोसम संपतो. डेव्हिस आयुष्यात असे आठ सामने खेळला. पहिला १९९६च्या मोसमातला, जॅक्सनव्हिलकडून धक्कादायक पराभवाचा. त्यात ९१ यार्ड. पुढचे सातही सामने डेन्व्हरने जिंकले आणि सातही सामन्यांत त्याने शंभरी ओलांडली: १८४, १०१, १३९, १५७, १९९, १६७, १०२. एकूण १,१४० यार्ड, सरासरी १४२.५, टचडाऊन (चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडणं) १२. सगळे प्रतिस्पर्धी त्यालाच रोखायची तयारी करून मैदानात उतरत असताना ही सरासरी आहे. नेहमीच्या मोसमात ढिगाने यार्ड काढून जानेवारीत आटणारे धावपटू खूप झाले. हा जानेवारीत वाढायचा.

त्यातला १५७ यार्डांचा सामना म्हणजे २५ जानेवारी १९९८चा सुपर बोल. ठिकाण सॅन दिएगो, म्हणजे त्याचंच गाव. समोर गतविजेते ग्रीन बे पॅकर्स. त्याआधी डेन्व्हर चार सुपर बोल हरलं होतं, त्यातले तीन क्वार्टरबॅक जॉन एल्वेच्या काळात, आणि एल्वे ३७ वर्षांचा झाला होता. डेव्हिसने सुरुवात जोरात केली, पहिला टचडाऊनही केला. पण सामन्याच्या चार सत्रांपैकी पहिल्याच्या शेवटाकडे एका धडकेनंतर अर्धशिशी उठली आणि त्याला दिसेनासं झालं.

दुसऱ्या सत्राचा पहिलाच डाव, चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर. शॅनहन यांनी त्याला सांगितलं की तुला दिसलं नाही तरी चालेल, पण तू मैदानात नसलास तर आपण धावणार यावर पॅकर्सचा विश्वास बसणार नाही. डेव्हिस आत गेला, चेंडू घेतल्याचा आव आणून गर्दीत घुसला, सारा बचाव त्याच्याकडे वळला आणि एल्वे चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूने निवांत आत गेला. डोळ्यांना दिसत नसताना अंगावर येणाऱ्या माणसांत शिरायचं, तेही हातात चेंडू नसताना. माझ्या लेखी त्या सामन्यातला सर्वांत मोठा डाव तो आहे, आणि धावपत्रकात त्याची नोंद शून्य आहे.

उरलेलं सत्र तो बाहेर बसला. मध्यंतरानंतर परतला आणि पहिल्याच डावात त्याच्या हातून चेंडू निसटला, पॅकर्सने बरोबरी साधली. त्यानंतर त्याने आणखी दोन टचडाऊन केले. शेवटचा, पावणेदोन मिनिटं उरली असताना, विजयाचा ठरला: ३१-२४. त्या दिवशी एल्वेच्या फेकींचे यार्ड होते १२३, डेव्हिसचे धावून १५७. तेही जवळजवळ एक सत्र गमावून. सामनावीर अर्थातच तो. एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी डेन्व्हर नसलेल्या गटाच्या) संघांची सुपर बोलवरची सलग १३ वर्षांची मक्तेदारी त्या दिवशी मोडली.

पुढच्या मोसमात डेन्व्हरने पहिले १३ सामने जिंकले. डेव्हिस २,००० यार्ड ओलांडणारा चौथा खेळाडू ठरला (आधीचे ओ. जे. सिम्पसन, एरिक डिकरसन आणि बॅरी सँडर्स), लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि संघाने अटलांटाला ३४-१९ हरवून विजेतेपद राखलं.

याची किंमत मात्र बघा. १९९७ आणि १९९८ मिळून, प्लेऑफ धरून, त्याने चेंडू घेऊन साडेनऊशे वेळा धाव घेतली. साडेनऊशे वेळा आदळणं, दोन वर्षांत. या खेळात रनिंग बॅकची कारकीर्द सर्वांत छोटी असते ती यामुळेच. यश मिळतं तसा संघ त्याच्यावर अधिक भार टाकत जातो. त्याचा गुडघा मात्र धावताना गेला नाही. १९९९च्या चौथ्या सामन्यात, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, डेन्व्हरचा पास प्रतिस्पर्ध्याने पकडला, डेव्हिस त्याला अडवायला धावला आणि त्या धुमश्चक्रीत उजव्या गुडघ्याचे दोन स्नायुबंध फाटले. टोकियोत ज्या कामाने त्याला संघात आणलं, तेच काम तो तिथेही करत होता. पुढची दोन वर्षं मिळून १३ सामने, आणि २००२च्या मोसमाआधी निवृत्ती. वय २९.

हॉल ऑफ फेमने त्याला ताटकळत ठेवलं. २००७ पासून पात्र असूनही निवड झाली २०१७ मध्ये. वास्तविक ६८ सामने खेळलेल्या गेल सेयर्सला १९७७ मध्येच मान मिळाला होता, त्यामुळे छोट्या कारकिर्दीचा आक्षेप तेव्हाही टिकणारा नव्हता. शिवाय सेयर्सला प्लेऑफचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. डेव्हिसच्या खात्यात दोन विजेतेपदं होती.

तुमच्या तुलनेचं म्हणाल तर पंधरा मोसम टिकणं ही एमिट स्मिथची असामान्य कामगिरी आहे, ती मी मुळीच कमी लेखत नाही. पूर्ण कारकिर्दीचा हिशोब केला तर स्मिथ, वॉल्टर पेटन, जिम ब्राउन हे डेव्हिसच्या वरच राहतील. पण एका मोसमाचा, प्लेऑफसकट, हिशोब केला तर? १९९८ मध्ये डेव्हिसचे मिळून २,४७६ यार्ड झाले होते. तो आकडा ओलांडायला २०२४चा मोसम उजाडावा लागला, आणि तो ओलांडणारा फिलाडेल्फियाचा सेक्वॉन बार्कलीही त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. त्याचे झाले २,५०४.