वाचकांचे प्रश्न : कुर्डुवाडी आणि बार्शी लाईट

प्रश्न : कुर्डुवाडीच्या पाटीवर आजही ‘जंक्शन’ आहे. मग जुनं जंक्शन संपलं असं का म्हणतात? (माढा)

उत्तर : कारण तिथं नुसते फाटे फुटत नव्हते, दोन रुळांमधलं अंतरही बदलत होतं. मुंबई-सोलापूर मार्ग 1,676 मिलिमीटरचा, बार्शी लाईट ही छोटी रेल्वे 762 मिलिमीटरची. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढणं अशक्य. त्यामुळे लातूर-बार्शीकडचं प्रत्येक पोतं इथं उतरायचं, मोजलं जायचं आणि मोठ्या डब्यात भरलं जायचं. त्यात पोती फाटायची, वजनात तूट यायची, दिवस मोडायचा. पण हमाल, गोदामं, मालबाबू यांचा रोजगार याच खोळंब्यावर उभा होता.

पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला : बार्शी रोड (कुर्डुवाडी स्टेशनचं तेव्हाचं नाव) ते बार्शी, सुमारे 34 किलोमीटर. 1906 मध्ये गाडी पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला पोचली. 1954 मध्ये सरकारनं बार्शी लाईट चालवणारी कंपनी ताब्यात घेतली. 2008 मध्ये लातूरपर्यंत रुंद रूळ जोडले गेले आणि डबे सरळ पुढे जाऊ लागले. वेळ वाचला, हे चांगलंच झालं. पण मालाची अदलाबदल संपली, तिच्यावर जगणारं स्टेशनही संपलं.

प्रश्न : एवढ्याशा रुळावरून इतका माल जायचा कसा?

उत्तर : एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानं एकच नियम धरला : कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणारा दांडा) 5 टनांहून जास्त भार नको. भार सारखा वाटला की दर यार्ड लांबीला (सुमारे 0.9 मीटर) 30 पौंड भरणारा हलका रूळही पुरतो. चार आसांचा मालडबा भरून 20 टनांपर्यंत चालतो. लीड्सच्या किटसन कंपनीच्या इंजिनाला ओढणारी आठ चाकं, म्हणजे चार आस होते; रुळावरच्या पकडीसाठी तेच 20 टन. भारतात आणण्याआधी 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून चाचण्या झाल्या. नियम मोडून एकाच आसावर भार लोटला तर हलका रूळ वाकतो, जोडाशी खचतो आणि डबा घसरतो.

प्रश्न : आमच्या बांधावर रुळाचा तुकडा आहे. तो बार्शी लाईटचाच का?

उत्तर : लांबी मोजा, वजन करा. 30 पौंडी रूळ मीटरला सुमारे 14.9 किलो भरतो. 2 मीटरचा तुकडा 30 किलोच्या आसपास. गंजानं थोडी घट येतेच. आजचा मोठ्या गाडीचा रूळ मीटरला 52 किंवा 60 किलोचा, त्यामुळे गल्लत व्हायची नाही. मग मधली उभी बाजू तारेच्या ब्रशानं घासा, खडू आडवा फिरवा आणि बॅटरी तिरपी धरा. उठावदार अक्षरांत कारखाना आणि साल दिसू शकतं. मात्र असेच हलके रूळ इतर छोट्या लाइनींवर आणि कारखान्यांच्या ट्रॉल्यांखालीही असत. म्हणून वजनावरून नक्की करू नका. तुकडा कुठून आला, ते बांधाच्या जुन्या मालकाला विचारा.